टर्नटेबलचा आर्म धपकन पडतोय? लिफ्ट घरच्या घरी कशी दुरुस्त करायची, नाशिकात सामान कुठे शोधायचं त्यासकट

माझ्याकडचा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, काकांचा. पंचवटीतल्या जुन्या घराच्या माळ्यावर वीसेक वर्षं गोधडीत गुंडाळून पडला होता, सत्तरच्या दशकाच्या शेवटाचा जपानी बेल्ट ड्राइव्ह. खाली आणला, नवीन बेल्ट टाकला, नवीन सुई टाकली, भीमसेनजींची एलपी लावली, सगळे खूश. एकच खोट राहिली, लिफ्टचा, म्हणजे सुईचा आर्म वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा, लिव्हर खाली केला की आर्म अलगद उतरायच्या ऐवजी धपकन रेकॉर्डवर आदळायचा आणि स्पीकरमधून असा आवाज यायचा की शेजारच्या काकू काय पडलं म्हणून विचारायला आल्या. आणि हाच आर्म डिसेंबरात, निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागतो ना, त्या दिवसांत अर्ध्यातच लटकून राहायचा. उन्हाळ्यात धपकन, थंडीत अधांतरी.

दोन जणांना दाखवला. एकाने शिलाई मशीनचं तेल सोडलं, त्यानंतर तर आर्म आणखी जोरात पडायला लागला. दुसरा म्हणाला याचा पार्ट आता मिळत नाही, हातानेच ठेवत जा. हाताने ठेवता येतं, नाही असं नाही, पण रात्री अकराला डोळ्यावर झोप असताना एकदा हात हलला आणि रेकॉर्डवर आडवा ओरखडा कायमचा बसला. मग मीच उघडलं. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. तुमचं पहिल्याच वेळी जमावं म्हणून हे सगळं लिहितोय, जरा लांबेल.

आधी हे डोक्यात बसवा: ते तेल घसरवायला नाही, अडवायला असतं

बँकेच्या काचेच्या दाराला वर डोअर क्लोजर असतो बघा, तेल गळून गेलं की दार धाडकन आपटतं. टर्नटेबलची लिफ्ट म्हणजे त्याचंच करंगळीएवढं भावंड. एक बारीक उभी दांडी असते, ती एका नळीत वरखाली होते. लिव्हर वर केला की खालचा कॅम, म्हणजे फिरणारा उंचवटा, दांडीला वर ढकलतो, दांडीच्या डोक्यावर एक वाकडी पट्टी असते ती आर्मला उचलते. लिव्हर खाली केला की कॅम बाजूला होतो आणि दांडी स्वतःच्या वजनाने आणि छोट्या स्प्रिंगच्या जोरावर खाली यायला बघते. आता तिला हळू कोण आणणार? दांडी आणि नळी यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत भरलेलं अतिशय घट्ट सिलिकॉन तेल. बस, एवढंच आहे आत.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे तेल हळूहळू खाली झिरपून जातं, नाहीतर धूळ आणि जुनं ग्रीस मिसळून चिकट होऊन बसतं. म्हणजे दहातल्या नऊ मशीनमध्ये तुटलेलं काहीच नसतं, तेलाचा प्रश्न असतो. पण आपल्याकडे काहीही अडलं की लोकांचा हात तेलाच्या बुधलीकडे जातो, आणि पातळ तेल सोडलं की उरलासुरला ब्रेकही गेला.

१. खरंच लिफ्टच बिघडली आहे का?

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं हे बघा, कारण मी पहिल्यांदा मशीन उगाचच उघडलं होतं.

आर्म खाली येतच नाही किंवा तरंगत येतो, असं असेल तर आधी मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट तपासा. ते जास्त मागे गेलेलं असेल तर आर्म हलका होतो आणि लिफ्ट खाली गेली तरी तो हवेतच राहतो. आधी आर्म आडवा तरंगेल असा बॅलन्स करा, मग डायल शून्यावर आणून कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, सांगितलेलं वजन द्या. साधारण मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते तीन ग्रॅममध्ये चालतात, जुन्या सिरॅमिकला जास्त लागतं.

आर्म हळूच उतरतो पण उतरताना बाहेरच्या बाजूला सरकतो, कधी रेकॉर्डच्या बाहेरच पडतो? मग तेल ठीक आहे. अँटीस्केटिंग, म्हणजे आर्मला बाहेरच्या बाजूला हलकं ओढणारी सोय, जास्त लावलेलं असेल किंवा लिफ्टच्या पट्टीवरचं रबर गुळगुळीत झालं असेल. त्याचं खाली सांगतो. मशीन ठेवलंय ते टेबल तिरकं नाही ना तेही बघा, जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी तर नक्कीच, आमच्या माडीच्या फरशीवर गोटी सोडली तर ती आपोआप जिन्यापर्यंत जायची.

लिव्हर वर करून सोडला की स्वतःच खाली येतो, हा लिव्हरच्या खिळीचा किंवा वॉशरचा ढिलेपणा. इथेही तेलाचा दोष नाही.

लिव्हर खाली असताना वाजत्या आर्मला पट्टी चिकटलेली राहते, सुई घरंगळते, किंवा लिव्हर वर करूनही सुई रेकॉर्डवरच राहते, तर फक्त उंची बिघडली आहे. सरळ पायरी ७ वर जा.

धपकन पडतो किंवा मधेच अडकतो, आणि वजन बरोबर आहे, असं तुमचं असेल तर पुढे वाचा.

२. मॉडेल नंबर लिहून घ्या आणि मॅन्युअल शोधा

मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. तो टाकून इंटरनेटवर सर्व्हिस मॅन्युअल शोधा, वापरायची पुस्तिका नाही, सर्व्हिसचं. त्यात एक्स्प्लोडेड व्ह्यू म्हणजे सगळे भाग सुटे करून दाखवलेलं चित्र असतं, ते छापून शेजारी ठेवा. मोबाइलवर बघत बसलात तर तेलकट बोटांनी झूम करावं लागतं.

त्याच स्टिकरवर व्होल्टेजही बघून घ्या. जपानच्या घरगुती बाजारातलं मशीन असेल तर ते १०० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० येतात. कोणी परदेशातून आणलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय पिन लावायचीच नाही.

३. काय काय लागेल

- बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणि छोट्या अ‍ॅलन की. ग्रब स्क्रूला, म्हणजे डोकं नसलेल्या बारीक स्क्रूला, बहुतेक दीड मिमी किंवा त्याहून बारीक लागते. एमजी रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे असा सेट विचारा.
- घड्याळजी वापरतात तसा टोकदार चिमटा.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, लायटरचं पेट्रोल, टूथपिक, आणि जुन्या सुती पंचाचा तुकडा. कापूस नको, त्याचे तंतू नळीत राहतात.
- मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, कशाला ते पुढे कळेल.
- सुई नसलेली एक सिरिंज, औषधाच्या दुकानात मिळते.
- घट्ट सिलिकॉन तेल, ३ लाख ते ५ लाख सेंटिस्टोक.

या शेवटच्या ओळीपायी माझा महिना गेला. सेंटिस्टोक हे घट्टपणाचं माप, अंदाज यावा म्हणून सांगतो, पाणी १ सेंटिस्टोक असतं. ५ लाखाचं तेल म्हणजे बाटली उलटी केली तर चहा पिऊन होईपर्यंत थेंब खाली येत नाही, गुळाचा पाक लाडवाला जास्त झाला की कसा होतो तसं. मी रविवार कारंजाजवळ एका हार्डवेअरवाल्याकडे सिलिकॉन मागितलं, त्याने बेसिनच्या कडेला भरायची ट्यूब हातात ठेवली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितलं तर पांढरी हीट सिंक पेस्ट दिली. दोघांची चूक नाही, दोन्ही सिलिकॉनच, पण पहिलं सुकून रबर होतं आणि दुसऱ्यात भुकटी मिसळलेली असते. दोन्ही लिफ्टमध्ये घालायचं नाही. सिलिकॉनचा स्प्रेही नाही, गंज काढायचा स्प्रेही नाही, सायकलच्या चेनचं तेल तर नाहीच.

मिळालं कुठे, तर रिमोटच्या गाड्यांच्या छंदवाल्यांकडे. त्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे चाकांच्या गिअरमध्ये, हेच शुद्ध सिलिकॉन तेल घालतात, ऑनलाइन मिळतं, बाटलीवर ३०००००, ५००००० असे आकडे असतात. सापळा एकच, त्याच दुकानात शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं तेलही असतं आणि त्यावर ३० वेट, ४० वेट असं लिहिलेलं असतं, ते फार पातळ. आकडा लाखात आहे ना ते बघूनच मागवा. मी आधी कंजूषपणा करून १ लाखाचं घेतलं, आर्म एका सेकंदात खाली. मग ५ लाखाचं घेतलं.

४. सुई आणि आर्मचा बंदोबस्त

प्लग काढा. बटण बंद नाही, प्लगच काढा. हेडशेल, म्हणजे आर्मचं सुईकडचं टोक, फिरवून निघणारं असेल तर सुईसकट काढून डब्यात ठेवा, नसेल तर सुईचं टोपण लावा. काउंटरवेट काढा. आर्म त्याच्या स्टँडला क्लिपने आणि वरून एका सुती दोऱ्याने बांधा. रबर मॅट, प्लॅटर म्हणजे फिरती थाळी, बेल्ट काढून वेगळ्या खोलीत ठेवा, वेगळ्या खोलीत का तर सिलिकॉनचा हात बेल्टला लागला की बेल्ट घसरतो आणि मग गाणं पेंगायला लागतं. झाकण बिजागरीतून काढून ठेवा.

५. उघडायच्या आधी मोजमाप

हे मी केलं नव्हतं आणि नंतर दोन संध्याकाळी वाया गेल्या. लिफ्टची पट्टी दांडीवर किती उंचीवर बसली आहे ते मोजा. व्हर्नियर नसेल तर पट्टीखाली पोस्टकार्डाचे तुकडे एकावर एक सरकवून थप्पी बरोबर बसेल इतकी करा आणि ती थप्पी टेप लावून जपून ठेवा. पट्टी कोणत्या कोनात वळलेली आहे त्याचा वरून फोटो काढा. प्रत्येक पायरीला फोटो, कंटाळा आला तरी.

६. दांडी बाहेर काढणं, साफ करणं, तेल

इथे मॉडेलप्रमाणे फरक पडतो. काही मशीनमध्ये पट्टीचा ग्रब स्क्रू ढिला केला की पट्टी वर निघते आणि दांडी खालून येते. काहींत दांडीच्या खालच्या टोकाला ई-क्लिप, म्हणजे E आकाराची बारीक कडी, असते, ती काढली की सगळं वरून निघतं. खालून काम असेल तर मशीन उलटं करावं लागतं, तेव्हा दोन्ही बाजूंना जाड पुस्तकांच्या थप्प्या लावा म्हणजे आर्मवर भार येणार नाही. आमच्याकडे जुने दिवाळी अंक कामाला आले.

ई-क्लिप म्हणजे साक्षात पिसू. चिमट्याने सोडवली की उडते आणि मग तुम्ही, बायको आणि मुलं सगळे कपाटाखाली बॅटरी मारत बसता. म्हणून ती पारदर्शक पिशवी, हात आणि क्लिपचा भाग दोन्ही पिशवीत घेऊन मगच क्लिप काढायची.

ग्रब स्क्रू अडला तर जोर लावू नका. एक थेंब अल्कोहोल सोडा, दहा मिनिटं थांबा, की पूर्ण आत बसली आहे का बघा, मग फिरवा. त्याची खाच गुळगुळीत झाली की तो स्क्रू काढायला ड्रिल लागतं.

ऑटोमॅटिक मशीन असेल, म्हणजे रेकॉर्ड संपल्यावर आर्म स्वतः परत जातो, तर खाली एक मोठं प्लास्टिकचं गिअर दिसेल. तेच गिअर स्वतःहून लिफ्टलाही वर ढकलतं. त्याला हातानेही फिरवू नका, त्याचे दात जिथे आहेत तिथेच राहू द्या.

दांडी निघाली की बघा तिच्यावर काय आहे. माझ्या दांडीवर वरच्या बाजूला तपकिरी डिंक आणि खाली त्या शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ थर. आता एक महत्त्वाची गोष्ट, सिलिकॉन तेल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. कितीही घासा, पसरतच जाईल. आधी कोरड्या कापडाने जितकं निघेल तितकं पुसून काढा, मग धातूच्या भागांना लायटरचं पेट्रोल लावा, त्यात ते विरघळतं. खिडक्या उघड्या, देवापुढचा दिवा आणि गॅस बंद. प्लास्टिकला पेट्रोल लावू नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं, तिथे कापड आणि थोडं अल्कोहोल पुरे. नळी आतून पुसायला टूथपिकला कापडाची पट्टी गुंडाळा आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत फिरवा. दांडी पॉलिश पेपरने घासायची नाही, फट वाढली की घट्ट तेलसुद्धा धरत नाही.

साफ झाल्यावर दांडी कोरडीच नळीत सोडून बघा. मोकळी खाली पडली पाहिजे. अडत असेल तर ती वाकलेली आहे, काचेवर गडगडवून बघा, लगेच कळतं. दांडी वाकली किंवा तुटली असेल तर अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत लहान लेथवाले आहेतच, जुनी दांडी आणि नळी दोन्ही घेऊन जा आणि तीच मापं सांगा. मित्रासाठी मी गेलो होतो, तो माणूस आधी हसला, एवढ्याशा कामाला मशीन लावायची होय म्हणाला, मग जेवणाच्या सुट्टीत करून दिली आणि पैसे घेतले नाहीत, फक्त चालू झाल्यावर व्हिडिओ पाठवा म्हणाला. फेविक्विकने जोडलेली दांडी मात्र दोन आठवडेही टिकत नाही.

आता तेल. सिरिंजमध्ये थोडं ओढून घ्या, ओढतानाच कळेल काय प्रकार आहे ते. दांडीच्या मधल्या भागाला मुगाच्या दाण्याएवढं लावा आणि टूथपिकने चारही बाजूंना पातळ पसरवा. खालचं टोक, जे कॅमवर टेकतं, आणि वरचं टोक, जिथे पट्टी बसते, दोन्ही कोरडी ठेवा. मग दांडी नळीत घालताना सरळ दाबायची नाही, गोल गोल फिरवत हळूहळू आत न्यायची, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. वर-खाली पाच-सहा वेळा करा, बाहेर आलेलं जादा तेल पुसून टाका. कॅमवर जुनं वाळलेलं ग्रीस असेल तर तेही काढून पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. थंडीत आर्म अधांतरी राहायचा तो या वाळलेल्या ग्रीसमुळे, सिलिकॉनचा घट्टपणा थंडी-उन्हात फार बदलत नाही, म्हणूनच तर कंपन्या ते वापरतात.

जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं असं नाही. दुसऱ्या खेपेला मी नळी भरूनच टाकली, आर्म उतरायला अकरा सेकंद लागले. तोवर गाण्याचा मूड जातो. स्प्रिंग, क्लिप, पट्टी परत लावा आणि रात्रभर तसंच राहू द्या.

७. उंची बसवणं

पोस्टकार्डांची थप्पी आठवते ना, तिच्यावर पट्टी टेकवून ग्रब स्क्रू हलका घट्ट करा. हेडशेल, वजन, प्लॅटर सगळं परत लावा, एखादी ओरखडलेली टाकाऊ रेकॉर्ड ठेवा, आवाज बंद करा.

लिव्हर वर: सुई आणि रेकॉर्ड यात साधारण सेंटिमीटरभर अंतर हवं. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मालिकेला ८ ते १३ मिमी सांगतात, बाकीच्यांनाही तेवढं धरून चालायला हरकत नाही. लिव्हर खाली आणि सुई वाजत असताना: पट्टी आणि आर्म यात एक-दोन मिमी फट दिसलीच पाहिजे, रेकॉर्डच्या सुरुवातीलाही आणि शेवटच्या गाण्यालाही. बऱ्याच मशीनवर पट्टीलाच उंचीचा छोटा स्क्रू असतो, तो पाव पाव फेरा फिरवत बघा, एका दमात दोन फेरे नाही.

आता लिव्हर सोडा आणि मोजा. दोन ते चार सेकंदांत आर्म टेकला तर जमलं. त्याहून लवकर येत असेल तर तेल कमी आहे किंवा पातळ आहे. फार वेळ लागत असेल तर दांडी काढून थोडं पुसून घ्या. दोन वेगवेगळ्या आकड्यांची सिलिकॉन तेलं एकमेकांत मिसळली तरी चालतात, मधला घट्टपणा मिळतो.

८. पट्टीवरचं रबर

आर्म उतरताना बाहेर सरकतो त्यांच्यासाठी. अँटीस्केटिंग वजनाच्या आकड्याइतकंच ठेवलंय ना बघा, २ ग्रॅमला २. तरी सरकत असेल तर पट्टीवरचं रबर अल्कोहोलने पुसा, कित्येकदा नुसती बोटांची चिकटाई असते. रबर कडक होऊन तडकलं असेल तर पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या, साबणाने धुवा, दोन मिमी रुंद पट्टी कापून पातळ दुहेरी टेपने लावा. पट्टी गोल तारेची असेल तर तिच्यावर हीट श्रिंक ट्यूब चढवून हेअर ड्रायरने आवळा, आवळली नाही तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याच्या हॉट एअरने, पण आर्मपासून लांब. रबरामुळे जाडी वाढते म्हणून उंची पुन्हा एकदा बघायची, हे मी विसरलो आणि अर्धा तास सुई का उडतेय म्हणून कार्ट्रिजला शिव्या देत बसलो.

काम झालं की हात दोनदा साबणाने धुवा, मगच रेकॉर्डला हात लावा.

आणि हो, त्या तेलाची बाटली छोटीशीच असते पण लागतो मुगाएवढा थेंब, म्हणजे माझ्याकडचं आता नातवंडांनाही पुरेल. ओळखीपाळखीत तीन मशीनला दिलं तरी पातळी हललेली दिसत नाही. तुमच्या मित्रमंडळींत कोणी मागवलं असेल तर त्याच्याकडूनच घ्या, फक्त जाताना रिकामी डबी नेऊ नका, सिरिंज न्या. डबीत ओतेपर्यंत समोरच्याला दोनदा चहा टाकावा लागतो.